विमानतळावर सिक्युरिटीच्या आधी सगळ्यांना एकत्र बसून जेवता येतं का? (मुंबई टी-२)

साताऱ्याची_सून

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसतीच वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लेक चाललीये जर्मनीला, मास्टर्ससाठी. फ्लाइट मुंबईहून, टर्मिनल २, रात्री पावणेतीनची. पोचवायला साताऱ्याहून अख्खी वरात निघणार, म्हणजे आम्ही दोघं, धाकटा, दीर-जाऊ आणि सासूबाई. सासूबाई ८१ वर्षांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, विमानतळ जन्मात पाहिलेला नाही तरी "मी येणार म्हणजे येणार" करून बसल्यात. आणि त्यांचं एकच, पोरगी जेवून विमानात बसली पाहिजे आणि माझ्यासमोर जेवली पाहिजे. परवा तर "शेवटचा घास माझ्या हातचा" म्हणाल्या, जाऊबाई लगेच "अहो आई शेवटचा काय म्हणता, निघतानाचा म्हणा" म्हणून अंगावरच आल्या त्यांच्या. असो.

तर धाकट्याचं म्हणणं की आत रेस्टॉरंट असतात, सिक्युरिटी चेकच्या आधी पण असतात, तिथे सगळे मिळून बसू. ह्यांचं म्हणणं आपल्याला दारातच अडवतील. मी स्वतः दोनदाच विमानात बसलेय ते पण पुणे-दिल्ली, आणि तेव्हा पोटात असा गोळा आलेला की खाण्याकडे बघितलं पण नाही. म्हणून विचारतेय, सिक्युरिटीच्या आधी बिनतिकिटाच्या माणसांना कुठे बसून खाता येतं का? लेकीने आत गेल्यावर आधी खाऊन घ्यावं की सगळं उरकून पलीकडे गेल्यावर? आणि डबा नेऊ देतात का आत?

पार्लेकर_पंत

तुमचे "हे" बरोबर आहेत, धाकट्याला सांगा शंभर पैकी चाळीस मार्क.

आपल्याकडे टर्मिनलच्या दारातच सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो, तिकीट नाही तर आत नाही. बाहेरच्या बऱ्याच देशांत कोणीही चेक-इन काउंटरपर्यंत भटकू शकतो, इथे तसं नाही. पूर्वी काही विमानतळांवर पैसे भरून व्हिजिटर पास मिळायचा, पण त्याच्या भरवशावर सातारा सोडू नका, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आसपास तर तो सगळीकडेच बंद ठेवतात. त्यामुळे दाराच्या आत आणि सिक्युरिटीच्या अलीकडे जे काही खायला मिळतं ते फक्त लेकीसाठी, तुम्ही काचेच्या बाहेर.

टी-२ ला डिपार्चर चौथ्या मजल्यावर. तिथे गाडी उभी करून गप्पा मारता येत नाहीत, शिट्टी वाजते. खाली अरायव्हलच्या बाहेर खाण्यापिण्याची दुकानं आहेत, तिथे तिकीट लागत नाही, पण सहा माणसं आणि एक आजी निवांत बसतील असं म्हणू नका, रात्री तिथे बाहेरून येणाऱ्यांना घ्यायला आलेली गर्दी असते.

माझं ऐकाल तर पार्ला पूर्वेला किंवा अंधेरीत एखाद्या उडप्याकडे नऊच्या सुमारास बसा, आजींना बाथरूम पण होईल, नीट खुर्ची-टेबल मिळेल, तिथून टी-२ जवळच. मात्र अकराच्या आत, नंतर किचन बंद करतात.

एक महत्त्वाचं. लेक एकदा आत शिरली की सहज बाहेर येता येत नाही. एअरलाइनच्या माणसाला गाठा, कारण सांगा, रजिस्टरमध्ये नोंद करा, बरीच भानगड आहे. त्यामुळे पाया पडणं, ओटी, फोटो, रडारड सगळं दाराच्या अलीकडे उरका. आमच्याकडे भाचा आत गेल्यावर ताईला आठवलं की अंगारा लावायचा राहिला, मग काचेतून हातवारे.

आगाऊ_कार्टं

घरून जेवून निघा. धागा बंद करा 😀

पार्लेकर_पंत

@आगाऊ_कार्टं, सातारा ते सहार (म्हणजे विमानतळ) सहा तास, बोरघाटात अडकले तर आठ. दुपारी बाराला जेवलेलं पहाटे तीनपर्यंत पुरतं का रे बाबा?

घाटावरचा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी अनुभवाने देतो, अनुभव पण चांगला नऊ हजाराचा आहे.

२०१९ ची गोष्ट, शहर आणि एअरलाइन सांगत नाही कारण चूक त्यांची नव्हतीच. डोमेस्टिक फ्लाइट, मी दोन तास आधी हजर, बॅग दिली, बोर्डिंग पास हातात, सिक्युरिटीकडे बघितलं तर लाइनीत जेमतेम दहा माणसं. म्हटलं वा, आज राजा आहे आपण. अलीकडेच एक रेस्टॉरंट होतं, टेबलावर पांढरं कापड वगैरे, बसलो. मसाला डोसा सांगितला. आता डोसा म्हणजे काय, पाच मिनिटांचं काम, पण तो यायला पंचवीस मिनिटं. मी दोनदा उठून विचारलं, "बस दो मिनिट सर." आला तेव्हा एवढा मोठा आणि एवढा महाग की टाकून उठवेना, बिल आधीच भरलेलं. सांबार गरम, फुंकर मारत बसलो. मान वर करून बघतो तर त्या दहा माणसांच्या जागी दीड-दोनशे माणूस, तीन फ्लाइटची गर्दी एकदम आलेली. त्यात माझा ट्रे बाजूला काढला, पॉवरबँक आतच राहिलेली, परत बॅग उघडा, परत स्कॅन. गेटला धावत पोचलो तर बंद. विमान समोर उभं, शिडी पण लावलेली, मला दिसतंय आणि मॅडम शांतपणे म्हणतात सर, गेट पंचवीस मिनिटं आधी बंद होतं. रागवायला पण काही नव्हतं, तिकिटावर लिहिलेलं असतं ते.

तेव्हापासून आपला हिशोब ठरलेला, आपल्या आणि गेटच्या मधला शेवटचा अडथळा पार झाल्याशिवाय ताटावर बसायचं नाही. अलीकडे घ्यायचंच तर उभ्याउभ्या संपेल असं, चहा, बिस्किट, सँडविच. शिजवून आणतो म्हणाले की नमस्कार करून पुढे.

आणि ताई, इंटरनॅशनलला इमिग्रेशनची लाइन वेगळी, ती सिक्युरिटीच्याही आधी येते. मध्यरात्री मुंबईहून युरोप-अमेरिकेची विमानं एकामागोमाग सुटतात त्यामुळे त्याच वेळेला लाइन फुगते. तिची पहिलीच वेळ, स्टुडंट व्हिसा, दोन प्रश्न जास्त विचारतील. काउंटर साधारण तीन तास आधी उघडतात आणि तासभर आधी बंद होतात, काहींचे त्याहूनही आधी. तेव्हा पावणेबाराला बॅग देऊन मोकळी, की इमिग्रेशन, की सिक्युरिटी, मग गेट कुठे आहे ते डोळ्याने बघून यायचं आणि मग काय ते खायचं.

कोथरूडची_कावेरी

+१ घाटावरचा. पॉवरबँक काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगा मुलीला, सगळे विसरतात.

आतल्या_गोटातला

चार वर्षं एका विमानतळावर फूड काउंटर सांभाळलंय (कुठला ते नाही सांगत) म्हणून थोडं आतलं सांगतो, धागाकर्तीला उपयोग नसला तरी.

सिक्युरिटीच्या अलीकडे दुकानं कमी आणि पलीकडे बाजार असं का असतं? कारण अलीकडचा माणूस गिऱ्हाईकच नसतो. त्याचं डोकं बॅगेच्या वजनात, पासपोर्ट कुठल्या खिशात ठेवला त्यात. डोळे सारखे बोर्डावर. तोच माणूस ट्रेमधला पट्टा उचलून कमरेला बांधतो ना, त्या क्षणी त्याचा चेहरा बदलतो, खांदे खाली येतात आणि मग त्याला भूक लागते. आम्ही अक्षरशः बघायचो, पट्टा बांधता बांधता माणूस मान वळवून मेनू वाचायला लागतो. दुकानं त्या वळणावर असतात ती उगीच नाही.

अलीकडच्या काउंटरला आमचं गिऱ्हाईक कोण, तर फार लवकर आलेला आणि काउंटर उघडायची वाट बघणारा. म्हणजे लांबून आलेला. सातारा, सोलापूर, नगर, नाशिक. सोबत मोठी बॅग, तिच्यावर कापडी पट्टी बांधलेली आणि मार्करने नाव. अशी माणसं मेनू बघून किंमत वाचतात आणि "पाणी कुठे आहे" विचारतात. सांगायचो मी, फुकट प्यायचं पाणी प्रत्येक टर्मिनलमध्ये असतं, तिकडे कोपऱ्यात, बाटली विकत नका घेऊ.

भावाचं म्हणाल तर मालक चोर म्हणून तेवढा भाव नसतो. साधारण करार असा असतो की विक्रीतला ठरलेला हिस्सा किंवा ठरलेली किमान रक्कम, यातलं जे जास्त ते विमानतळाला द्यायचं. गिऱ्हाईक आलं नाही तरी किमान रक्कम चुकत नाही. वर प्रत्येक पोऱ्याचा पास काढा, पोलिस व्हेरिफिकेशन करा, रोजचा माल तपासून आत घ्या, मध्येच पोरगा सोडून गेला की परत पहिल्यापासून. हे सगळं चहाच्या कपात येतं.

स्वस्ताचा प्रयोग झालाय, सरकारने उडान यात्री कॅफे काढले. पहिला कोलकात्याला डिसेंबर २०२४ मध्ये, चहा १० रुपये, पाण्याची बाटली १०, कॉफी, समोसा २०. मग फेब्रुवारी २०२५ ला चेन्नईत. आणि गंमत म्हणजे कोलकात्यातला सिक्युरिटीच्या अलीकडे काढला, लगेच लोक म्हणायला लागले पलीकडे पण काढा. बघा, खरी भूक पलीकडे लागते ते.

घाटावरचा

पट्टा बांधताना भूक लागते हे वाचून आमच्या हिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली तुमचंच वर्णन आहे.

जुरॉंगची_जाई

सिंगापूरहून लिहितेय, इथे एकदम उलट आहे म्हणून राहवलं नाही. चांगी विमानतळाला लागूनच ज्युवेल आहे, २०१९ मध्ये उघडलं, मधोमध छतातून पडणारा ४० मीटरचा धबधबा, भोवती झाडं आणि चार बाजूंनी खाणं. हे सगळं सिक्युरिटीच्या अलीकडे, तिकीट नको, पासपोर्ट नको, कोणीही मेट्रोने या. लोक कुठेही जायचं नसताना रविवारी जेवायला विमानतळावर जातात! पोरं तिथे परीक्षेचा अभ्यास करत बसतात. वर चांगीला बहुतेक टर्मिनलला सिक्युरिटी तपासणी थेट गेटपाशी असते त्यामुळे एक मोठी लाइन लागून सगळे घामाघूम असं होत नाही.

माझे आईबाबा आले होते, परत जाताना आम्ही तिथे दोन तास बसलो. बाबांनी धबधब्याकडे पाठ करून इडली खाल्ली, म्हणे आंबोलीला फुकट दिसतो.

भारतात बंगळूरला टर्मिनलच्या बाहेर क्वाड म्हणून खुली जागा आहे, खाण्याची दुकानं, बसायला बाकं, तिथे पोचवायला आलेली माणसं प्रवाशाबरोबर बसू शकतात. पुण्यातही एरोमॉल आहे की, २०२२ ला झाला, तिथे तिकिटाशिवाय बसून खाता येतं. पण पुण्याहून जर्मनीचं विमान कुठे. सगळा पश्चिम महाराष्ट्र मुलांना पोचवायला घाट उतरतो.

श्टुटगार्टचा_शिऱ्या

ताई डब्याबद्दल मी सांगतो, मी सहा वर्षांपूर्वी तेच विमानतळ, तीच वेळ, तीच आजी (माझी वेगळी).

कोरडं काहीही हॅन्डबॅगेत चालतं. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, धपाटे, कोरडी बटाट्याची भाजी, चिवडा. पातळ आणि पसरणारं काही नको, इंटरनॅशनलला १०० मिलीच्या वरची कुठलीही पातळ वस्तू अडवतात आणि दही, ताक, आमटी, तूप, लोणचं हे सगळं त्यांच्या हिशोबाने पातळच. बाटलीत घरचं पाणी असेल तर लाइनीत प्या किंवा ओता, रिकामी बाटली नेऊ देतात, पलीकडे भरून घ्यायची. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घेऊच नका, तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून विमानात चालत नाही, माझ्या आईने पुरणाच्या आमटीसाठी म्हणून चार वाट्या कोंबल्या होत्या त्या गेल्या.

आणि तुम्ही सातारच्या म्हणजे कंदी पेढे आलेच. वाईट बातमी, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पनीर, पेढे सगळं त्यात. कस्टमवाला दरवेळी उघडून बघेल असं नाही, पण पहिल्याच दिवशी परक्या देशात खाली मान घालून उभं राहायची पाळी कशाला. माझ्या वेळी हे निघायच्या आदल्या दिवशी कळलं, एक किलो पेढ्यांचा बॉक्स पॅक होता. मग टी-२ च्या पार्किंगमध्ये आम्ही तो फोडला, घरच्यांना दोन-दोन, आमच्या ड्रायव्हरला चार, शेजारच्या गाडीतलं नागपूरचं कुटुंब मुलाला कॅनडाला पोचवायला आलेलं त्यांना दिले, त्यांनी आम्हाला संत्राबर्फी दिली.

पार्किंगमध्येच जेवा असं माझं मत. पार्किंग इमारत टर्मिनलला लागूनच आहे, लिफ्ट आहे, आजींना चालावं लागत नाही. घडीची खुर्ची न्या. पैसे तासावर पडतात पण सात जणांच्या हॉटेलच्या बिलापेक्षा बरे. उडप्याकडे घाईत जेवलेलं मला आठवत नाही, पार्किंगमधलं अजून आठवतं.

पार्लेकर_पंत

पार्किंगमध्ये पेट्रोलच्या वासात भाकरी? काय पण शौक. तरी आजींसाठी हॉटेलच बरं असं माझं मत, नोंद असू द्या.

श्टुटगार्टचा_शिऱ्या

पंत, नोंद घेतली. तुमचं हॉटेल साडेदहाला खुर्च्या टेबलावर उलट्या ठेवायला लागलं की कळवा.

साताऱ्याची_सून

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, एवढी माणसं उत्तरं देतील असं वाटलं नव्हतं. खोबऱ्याच्या वाट्या काढल्या बॅगेतून (होत्या! सहा!). पेढ्यांचं सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या "पेढ्यानं काय होतंय त्यांना." हॉटेल की पार्किंग अजून ठरत नाहीये, रस्ता कसा मिळतो त्यावर. परत आले की लिहिते.

साताऱ्याची_सून (आठ दिवसांनी)

आलो परत, लेक पोचली सुखरूप, रूम मिळाली, थंडी आहे म्हणते.

पंत, मनापासून हॉटेलच ठरवलं होतं पण घाटात एक ट्रक बंद पडला आणि दीड तास जागच्या जागी. दहाला पनवेल, पावणेअकराला सहार. पार्ल्यात फोन लावला तर किचन बंद करतोय म्हणाले. मग सरळ पार्किंग.

डिकी उघडली, वर्तमानपत्र अंथरलं, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. पिठलं पण आणलं होतं सासूबाईंनी, स्टीलच्या डब्यात, वर फडकं घट्ट बांधलेलं, ते घाटात कलंडून अर्धं फडक्यानंच प्यायलेलं. त्या खुर्चीवर बसल्या, लेक त्यांच्यासमोर उकिडवी, नवीन जॅकेट घालून, आणि ह्या हाताने भरवतायत. लेकीला घास उतरत नव्हता हे मला दिसत होतं. पण पाच-सहा घास खाल्ले तिने, पाणी पिऊन पिऊन. पेढे पण फोडले. बाजूच्या गाडीतून एक आजोबा मान काढून बघत होते त्यांना दिले, ते कोल्हापूरचे, नात आयर्लंडला चाललेली. त्यांच्याकडे तांबडा रस्सा होता फ्लास्कमध्ये! आमचे हे आणि दीर तिकडेच सरकले.

सव्वाअकराला वर दारापाशी. जवानाने तिकीट बघितलं, पासपोर्ट बघितला, आणि सासूबाई दोन पावलं मागोमाग गेल्याच. तो म्हणाला "माताजी, बस यहाँ तक." सासूबाईंनी त्याच्या हातावर पेढा ठेवला. त्याने घेतला नाही, ड्युटीवर आहे म्हणाला, पण हात जोडले. काचेतून लेक काउंटरच्या लाइनीपर्यंत दिसत होती, मग एक मोठी ट्रॉली आडवी आली आणि नंतर दिसली नाही.

घाटावरच्या दादांचं ऐकून ती आधी सगळं उरकून पलीकडे गेली. इमिग्रेशनला पाऊण तास लागला. दीडला तिचा फोन आला, आम्ही तेव्हा वाशीच्या पुलावर. गेट बघून आले, म्हणाली, आता भूक लागलीये. (पट्टा बांधताना लागली का ते विचारायचं राहिलं.) आणि तिने फोटो पाठवला, काचेच्या प्लेटमध्ये दोन वडापाव, खाली टिश्यू, शेजारी तळलेली मिरची एकच. दोनशेच्या वर पडले.

सासूबाईंना फोटो मोठा करून दाखवला. बराच वेळ बघितला त्यांनी, मग विचारलं, "चटणी कुठाय?"